नव्या वर्षाचा संकल्प सोडा, पहाटे सरावाला या : अंधारात शिकलेलं कराटे चारचौघांत आणणाऱ्या गिचिन फुनाकोशींची गोष्ट

जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे जिमवाल्यांची दिवाळी. वर्षाची फी एकदम भरली जाते, नवे शूज येतात, स्टेटसला फोटो पडतो. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत ट्रेडमिल पुन्हा रिकामी झालेली असते. दरवर्षीचं आहे हे, त्यात नवीन काही नाही.

जपानमध्येही लोक संकल्प करतातच. पण तिथल्या कराटे, ज्युडो आणि केंडोवाल्यांची आणखी एक रीत आहे. जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, भल्या पहाटे सगळा गट अनवाणी पायांनी लाकडी फरशीवर उभा राहतो आणि एका आकड्यावर एकच ठोसा मारतो. मग पुन्हा तोच. असं सलग काही दिवस. याला म्हणतात कांगेइको. ‘कान’ म्हणजे साधारण ५-६ जानेवारीपासून सुरू होणारा वर्षातला सगळ्यात गार महिना आणि ‘केइको’ म्हणजे सराव. वर्षातल्या पहिल्या सरावाला वेगळं नाव आहे, हात्सुगेइको.

इथे कुणी तुम्हाला यंदा काय ठरवलंय असं विचारत नाही. काही ठरवायचंच नसतं. सांगितलेल्या वेळी दारात हजर राहायचं. शेजारचा येणार म्हणून आपण जातो आणि आपण जाणार म्हणून शेजारचा येतो. बस, एवढ्यावर सगळं चालतं.

आता गंमत बघा. कराटे ही मुळात अशी रांगेत उभं राहून, सगळ्यांनी मिळून करायची गोष्टच नव्हती. एकट्यानं, रात्री आणि शेजाऱ्यांना पत्ता लागू न देता शिकायची ती विद्या होती. ती चारचौघांत आणण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, त्याचं नाव गिचिन फुनाकोशी. आज जगभर ‘आधुनिक कराटेचे जनक’ म्हणून त्यांचा फोटो भिंतीवर असतो. पण हा माणूस पेशाने प्राथमिक शाळेतला मास्तर होता आणि त्याची खरी कामगिरी त्रेपन्नाव्या वर्षी सुरू झाली.

गिचिनचा जन्म १८६८ सालचा, ओकिनावा बेटावरच्या शुरी गावातला. ओकिनावा आज जपानचा भाग आहे, पण तेव्हा ते र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं आणि शुरी ही त्याची राजधानी. चीनशी जुना व्यापार, जपानच्या सरदारांना खंडणी, असं दोन्हीकडे सांभाळून चाललेलं छोटंसं राज्य. गिचिन दहा वर्षांचा असताना, १८७९ मध्ये, जपानने ते राज्यच बरखास्त केलं आणि ओकिनावा जपानचा एक जिल्हा झाला.

पोरगं दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं. ते फार दिवस काढणार नाही, असं घरातल्यांनी धरूनच चालले होते. त्याला आजोळी वाढवलं. शाळेत गेल्यावर त्याची एका मुलाशी दोस्ती झाली. त्या मुलाचे वडील अंको आझातो हे मोठ्या घराण्यातले गृहस्थ होते आणि कराटेतले नावाजलेले जाणकार. तब्येत सुधारावी एवढ्यासाठीच हा किरकोळ मुलगा त्यांच्याकडे जाऊ लागला.

जायचं ते रात्री. ओकिनावात कराटे उघड शिकायची सोय नव्हती. नव्या सरकारच्या काळातही शिकवणारे जपून असायचे. हातात कंदील घेऊन गिचिन अंधारातून आझातोंच्या घरी पोचायचा आणि पहाट व्हायच्या सुमाराला परत यायचा. हा रोज रात्री कुठे जातो याचा शेजाऱ्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. पोरगा वेश्यावस्तीत जातो, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली.

प्रत्यक्षात तिकडे काय चालायचं? अंगणात गिचिन एकटा. ओसरीवर आझातो ताठ बसलेले. गिचिन एक ‘काता’ करायचा. काता म्हणजे ठरावीक क्रमाने बांधलेल्या चाली, ठोसे आणि बचाव, समोर काल्पनिक शत्रू धरून करायचे. संपला की आझातो पुन्हा करायला सांगायचे. पुन्हा संपला की पुन्हा. कौतुकाचा शब्द निघाला तर निघाला. तो काता पक्का झाल्याशिवाय पुढचा मिळत नसे आणि पक्का व्हायला महिने लागायचे. आझातोंचे मित्र अंको इतोसू हे गिचिनचे दुसरे गुरू. त्यांच्याकडे तेक्की नावाचे तीन काता शिकण्यात त्याची दहा वर्षं गेली. दहा वर्षं, तीन काता. आज पहिला बेल्ट मिळायला चार महिने लागले तर क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पालक काय लिहितात, हे तुम्हाला माहीत असेल.

याच काळातला एक किस्सा फुनाकोशींनी म्हातारपणी लिहिलेल्या आत्मकथेत आहे. ओकिनावाला वादळं नवीन नाहीत. असंच एक मोठं वादळ आलेलं, लोक दारं लावून बसलेले आणि एक तरुण फक्त लंगोट लावून घराच्या छपरावर चढला. त्याच्या हातात तातामी, म्हणजे जपानी घरात जमिनीवर अंथरतात ती जाड चटई. घोड्यावर बसल्यासारखे पाय रोवून त्याने ती चटई वाऱ्यासमोर धरली. वाऱ्याने त्याला उचलून खाली चिखलात टाकलं. तो परत वर चढला. परत पडला. परत चढला. हा तरुण म्हणजे फुनाकोशी स्वतः. आपले पाय किती पक्के रोवलेत, हे बघायला याहून चांगली परीक्षा त्याला सुचली नव्हती.

खरं तर त्याला डॉक्टर व्हायचं होतं. टोकियोतल्या वैद्यकीय शाळेच्या परीक्षेला बसायचं, तर १८७० किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. म्हणून जन्मसालात फेरफार करून तो परीक्षेला बसला आणि पासही झाला. (अनेक ठिकाणी त्यांचं जन्मसाल आजही १८७० दिसतं, ते यामुळे.) पण प्रवेश अडला तो केसांवर.

जपानच्या नव्या मेइजी सरकारने पुरुषांच्या डोक्यावरचा पारंपरिक बुचडा बंद करायचं ठरवलं होतं. ओकिनावात मात्र बुचडा म्हणजे इभ्रत. घरंच्या घरं त्यावरून दुभंगली. एक गट नव्याला धरून, दुसरा जुन्याला चिकटून. फुनाकोशींचं घर जुन्या गटातलं. बुचडा कापला नाही तर वैद्यकीय शाळेत प्रवेश नाही आणि कापला तर घरात जागा नाही. डॉक्टरकी तिथेच संपली.

पुढे १८८८ मध्ये प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथेही नियम तोच. या वेळी मात्र गिचिनने बुचडा कापला. घरी गेल्यावर आईवडिलांनी जे आकांडतांडव केलं, ते त्याला आयुष्यभर लक्षात राहिलं. आपल्याकडे गेल्या शतकात शेंडी कापून घरी आलेल्या मुलांचं जे व्हायचं, साधारण तसंच.

मास्तरकी तीसेक वर्षं चालली. पगार तुटपुंजा, कुटुंब मोठं. घर चालायचं ते बायकोच्या जिवावर. ती विणकाम करायची, भाजीचं शेत बघायची, वेळ पडली तर घरातली वस्तू गहाण टाकायची. आणि फुनाकोशी लिहितात की ती स्वतःही कराटे शिकली होती. नवरा मुलांना शिकवायचा ते बघून बघून तिने काता उचलले. दमून आली की विश्रांती म्हणून काता करायची. शेजारी दारू पिऊन भांडायला लागले तर सोडवायला लोक हिलाच बोलवायचे.

दरम्यान कराटेचं नशीब पालटत होतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला शाळा तपासायला आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यासमोर मुलांचं प्रात्यक्षिक झालं. अधिकारी खूश झाला, वर अहवाल गेला आणि कराटे ओकिनावाच्या शाळांमध्ये व्यायाम म्हणून शिरलं. यात मोठा वाटा गुरू इतोसूंचा. जुने अवघड काता शाळकरी पोरांना झेपणार नाहीत, म्हणून त्यांनी सोपे, टप्प्याटप्प्याचे नवे काता तयार केले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बदल दिसतो त्याहून मोठा आहे. एका गुरूसमोर एक शिष्य, ही पद्धत वर्गात चालणार नाही. पन्नास पोरं असतील तर त्यांना रांगेत उभं करावं लागतं आणि आकडे मोजावे लागतात. एक म्हटलं की सगळ्यांचा उजवा हात पुढे. म्हणजे आज कुठल्याही क्लासमध्ये दिसणारी ती रांग आणि ती मोजणी कुठल्या रणांगणातून आलेली नाही. ती शाळेच्या पीटीच्या तासातून आलीय. यात काही गोष्टी गळल्याही. अंगचटीच्या धोकादायक युक्त्या, सांधे मोडायचे प्रकार पोरांना कोण शिकवणार? ओकिनावातल्या काही जुन्या मंडळींना हे पाणी घातलेलं कराटे वाटलं आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण पाणी घातलं नसतं तर ते ओकिनावाबाहेर वाहिलंही नसतं.

१९२१ मध्ये जपानचे युवराज हिरोहितो युरोपला जाताना ओकिनावात उतरले. शुरीच्या राजवाड्यात त्यांच्यापुढे कराटे दाखवलं गेलं आणि ती जबाबदारी फुनाकोशींवर होती. पुढच्याच वर्षी जपानच्या शिक्षण खात्याने टोकियोत शारीरिक शिक्षणाचं प्रदर्शन भरवलं. ओकिनावातून कुणाला पाठवायचं? चांगलं जपानी बोलणारा, लिहिता-वाचता, सभ्य मास्तर हवा होता. फुनाकोशींहून ताकदीचे लढवय्ये ओकिनावात होते. निवडले गेले मात्र मास्तर.

१९२२ च्या मे महिन्यात ते कराटेचे फोटो लावलेल्या गुंडाळ्या घेऊन टोकियोला गेले. थोड्या दिवसांत परतायचं होतं. पण निरोप आला जिगोरो कानोंचा.

कानो हे नाव जपानमध्ये तेव्हा फार मोठं. ज्युडोचे निर्माते, नावाजलेले शिक्षणतज्ज्ञ आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवरचे आशियातले पहिले सदस्य. त्यांनी फुनाकोशींना आपल्या कोदोकान या संस्थेत प्रात्यक्षिकाला बोलावलं. मोजकी माणसं असतील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात शंभरेक जाणकार बसलेले. टोकियोत शिकणारा शिंकिन गिमा हा ओकिनावाचा तरुण मदतीला घेऊन फुनाकोशींनी काता दाखवले. कानोंनी ते बारकाईने बघितले आणि टोकियोत राहून हे शिकवा, असा आग्रह धरला. दोघंही मुळात मास्तर, त्यामुळे जमलं असावं. फुनाकोशींनी घरी कळवलं की परतायला उशीर होईल. तो उशीर त्यांचं उरलेलं आयुष्य संपेपर्यंत चालला.

आता सुरुवातीची ती जानेवारीतली पहाट इथे जोडून घ्या. कानोंनी १८८२ मध्ये एका देवळात मूठभर शिष्यांना घेऊन कोदोकान सुरू केली आणि १८८४ मध्ये तिथे ‘कागामी बिराकी’ हा नववर्षाचा सोहळा सुरू केला. याचं मूळ सामुराई घराण्यांत आहे. नव्या वर्षात चिलखतासमोर कुटलेल्या तांदळाचे दोन गोल गोळे, म्हणजे मोची, एकावर एक ठेवायचे. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, तसंच काहीसं. काही दिवसांनी, बहुतेक ११ जानेवारीला, ते वाळून टणक झालेले मोची फोडायचे आणि गोड सूपमध्ये घालून सगळ्यांनी खायचे. सुरी मात्र लावायची नाही, कारण सामुराईच्या घरात कापणं म्हणजे पोट फाडून घेण्याची आठवण. म्हणून हाताने किंवा लाकडी हातोडीने फोडायचे.

कानोंनी हा घरगुती विधी उचलून व्यायामशाळेत आणला. वर्षाच्या सुरुवातीला सगळे शिष्य एकत्र, आधी प्रात्यक्षिकं, मग खाणं. जोडीला कांगेइको. त्यांनी पांढरा पोशाख, पट्टे आणि दर्जांची पद्धतही बसवली होती. हे सगळं हळूहळू कराटेत आलं. फुनाकोशींनी १९२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या पहिल्या काही शिष्यांना ‘दान’ दर्जा दिला. पुण्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी जी पोरं पांढऱ्या कपड्यांत रंगीत पट्टा बांधून इची-नी-सान ओरडतात, त्यांचे कपडे आणि पट्टा खरं तर ज्युडोचा आहे. नववर्षाचा सराव कराटेत आला तोही याच वाटेने. पुढे कोदोकानच्या इमारतीवरून जाताना फुनाकोशी डोक्यावरची टोपी काढून वाकायचे, असं सांगितलं जातं.

टोकियोतले पहिले दिवस हलाखीचे होते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी मेइसेइजुकू नावाचं वसतिगृह होतं, तिथे त्यांना खोली मिळाली. बदल्यात रखवाली करायची, आवार झाडायचं, झाडांना पाणी घालायचं. वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला कराटे शिकवून जेवणाच्या पैशांत सूट मिळवली. एकदा फार अडचण झाली तेव्हा जुनी टोपी आणि ओकिनावाचा हातमागाचा किमोनो घेऊन ते गहाणवटीच्या दुकानात गेले. दुकानातल्या कारकुनाने वस्तूंच्या मानाने जरा जास्तच पैसे दिले. नंतर कळलं, त्याचा भाऊ यांच्याकडे कराटे शिकत होता.

सगळ्यात भारी किस्सा पत्रकाराचा. फुनाकोशी एक दिवस अंगण झाडत होते. एक बातमीदार आला आणि फुनाकोशी मास्तर कुठे भेटतील म्हणून त्यांनाच विचारू लागला. त्यांनी त्याला थांबायला सांगितलं, आत गेले, कपडे बदलले आणि बाहेर येऊन आपणच फुनाकोशी म्हणून नमस्कार केला. बातमीदाराचं तोंड तेव्हा कसं झालं असेल, याची कल्पना करा.

१९२२ मध्येच त्यांचं पहिलं पुस्तक आलं. होआन कोसुगी नावाच्या चित्रकाराने पाठपुरावा करून ते लिहून घेतलं. शोतोकान कराटेच्या बोधचिन्हावर आज जो वाघ दिसतो, तो या कोसुगींनी काढलेला. पण १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत महाभूकंप झाला. शहर जळालं, पुस्तकाचे छापखान्यातले साचेही गेले. काही शिष्यही त्यात दगावले. पोटासाठी फुनाकोशी एका बँकेत स्टेन्सिल कापायचं काम करत राहिले. वसतिगृहाची जागा वापरण्याजोगी राहिली नाही, तेव्हा तलवारबाजीचे प्रसिद्ध गुरू हाकुदो नाकायामा यांनी आपली व्यायामशाळा मोकळ्या वेळेत वापरायला दिली.

खरा आधार मिळाला तो विद्यापीठांचा. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटे क्लब सुरू झाला, मग वासेदा, ताकुशोकू, टोकियो इंपीरियल अशी रांग लागली. कॉलेजची पोरं, मोठे गट, ठरलेल्या वेळा. शुरीच्या अंगणात कंदिलाच्या उजेडात जे एकाने एकट्यासाठी केलं होतं, ते आता शेकडो जण एका सुरात करत होते.

पोरं म्हटली की भांडण आलंच. त्यांना नुसत्या कात्यांचा कंटाळा आला, एकमेकांशी भिडून बघायचं होतं. टोकियो इंपीरियलच्या मुलांनी केंडोसारखी संरक्षक साधनं घालून मोकळी लढत सुरू केली. फुनाकोशींना हे अजिबात पटलं नाही. त्यांच्या लेखी कराटेत पहिला वार आपण करायचाच नसतो आणि लढतीत तर दोघंही पहिला वार करायलाच उभे असतात. बरीच ओढाताण झाली आणि त्यांनी त्या क्लबकडे जाणं सोडलं. या बाबतीत ते हट्टी होते आणि थोडे एकटेही पडले.

नावाचा वाद वेगळाच. ओकिनावात ‘कराटे’ लिहिताना पहिलं अक्षर ‘चीन’ अर्थाचं वापरलं जायचं, म्हणजे चिनी हात. उच्चार तोच ठेवून फुनाकोशींनी अक्षर बदललं आणि अर्थ झाला रिकामा हात. त्यांनी यामागे बौद्ध विचारातली शून्याची कल्पना सांगितली. पण काळ कोणता होता बघा. १९३० च्या दशकात जपान चीनवर चालून जात होता, चिनी नावाची कला टोकियोत कोण शिकणार? त्यांनी कात्यांची ओकिनावी नावंही बदलून जपानी केली. ओकिनावातले लोक चिडले. तत्त्वज्ञान खरं असेलही, पण सोय बघितली नव्हती असं म्हणणं कठीण आहे.

वयाच्या सत्तरीच्या आसपास शिष्यांनी वर्गणी काढून त्यांना टोकियोच्या झोशिगाया भागात स्वतःची वास्तू बांधून दिली. दारावर पाटी लागली ‘शोतोकान’. ‘शोतो’ हे फुनाकोशींचं कविता लिहितानाचं टोपणनाव. शुरीजवळच्या तोराओ टेकडीवर पाइनच्या झाडांतून वारा वाहायचा, त्या लाटांसारख्या आवाजावरून घेतलेलं. ‘कान’ म्हणजे इथे वास्तू. (थंडीचा ‘कान’ वेगळा. जपानीत एकाच उच्चाराचे पाच-पन्नास अर्थ असतात.)

ही वास्तू जेमतेम काही वर्षं टिकली. १९४५ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात ती जमीनदोस्त झाली. अनेक शिष्य युद्धात मेले. मुलगा गिगो, जो वडिलांनंतर सगळं सांभाळणार होता, तो क्षयाने त्याच वर्षी गेला. शोतोकानमधले आजचे खोल, लांब पवित्रे आणि उंच लाथा यांत गिगोचा मोठा हात मानतात.

आणि बायको? ती टोकियोला आलीच नव्हती. फुनाकोशी १९२२ मध्ये निघाले तेव्हा पितरांचं करायला कुणीतरी घरी हवं, म्हणून ती शुरीत राहिली. नंतर नवरा बोलावत होता, तरी पितरांना सोडून येणार नाही म्हणाली. वीस वर्षांहून जास्त काळ दोघं वेगळे राहिले. १९४५ मध्ये ओकिनावावर युद्ध उतरलं, शुरी बेचिराख झालं, तेव्हा ती निर्वासितांबरोबर क्युशू बेटावर ओइता भागात पोचली. फुनाकोशी टोकियो सोडून तिच्याकडे गेले. उतारवयात दोघांना एकत्र मिळाली ती दोन वर्षं, तीही भाजी पिकवून आणि समुद्रावरचं शेवाळ गोळा करून पोट भरण्याची. १९४७ मध्ये ती गेली. जगभरातल्या कराटे क्लासमध्ये फुनाकोशींचा फोटो असतो, या बाईंचा कुठेच नसतो.

अस्थी घेऊन म्हातारा रेल्वेने टोकियोला परतला. वाटेत स्टेशनांवर जुने शिष्य भेटायला उभे होते. युद्धातून वाचलेल्यांनी पुन्हा गट बांधला, १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन उभी राहिली आणि ऐंशी पार केलेले फुनाकोशी तिचे मानाचे प्रमुख झाले.

या वयातला एक प्रसंग सांगायलाच हवा, पण त्याआधी त्याची तरुणपणातली जोडी. ओकिनावात एका संध्याकाळी ते सासरहून निघाले होते. हातात पितरांपुढे ठेवायचा खाऊ. दोन गुंडांनी वाट अडवली. फुनाकोशींनी भांडण न करता खाऊ देऊन टाकला आणि झाला प्रकार गुरूंच्या कानावर घातला. इतोसूंनी पाठ थोपटली. आझातोंनी विचारलं की मग पितरांना काय ठेवलंस? मनापासून प्रार्थना केली, असं उत्तर मिळाल्यावर तेही खूश झाले.

आता युद्धानंतरचं टोकियो. अंधार पडलेला, म्हातारा छत्री घेऊन कवितेच्या बैठकीतून परततोय. खांबामागून एक माणूस झेपावला आणि छत्री ओढू लागला. फुनाकोशींनी वार चुकवला आणि त्याचं अवघड जागेचं दुखणं असं काही घट्ट धरलं की तो ओरडायच्याही पलीकडे गेला. तेवढ्यात गस्तीचा पोलीस आला, त्याच्या ताब्यात दिला. दुसऱ्या कुणी हा किस्सा मिशीला पीळ देत सांगितला असता. फुनाकोशींनी तो लाज वाटल्याची कबुली म्हणून लिहिलाय. समोरचा बहुधा युद्धावरून परतलेला, उपाशी माणूस होता आणि एवढ्या वर्षांच्या सरावानंतर आपला हात उठला, हे त्यांना लागलं होतं.

आत्मकथा १९५६ मध्ये लिहून झाली. २६ एप्रिल १९५७ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते टोकियोत गेले.

त्याच वर्षी, काही महिन्यांनी, जपान कराटे असोसिएशनने आपली पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली. समोरासमोर लढत, गुण, विजेता. जे त्यांनी आयुष्यभर टाळलं, ते त्यांच्यामागे वर्षभरही थांबलं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, कराटे पदकांचा खेळ म्हणून निप्पॉन बुदोकानमध्ये खेळलं गेलं. त्यात एक विभाग लढतीचा होता आणि दुसरा नुसत्या कात्यांचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून दोन्ही वगळले गेले.

१९६८ मध्ये, फुनाकोशींच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, कामाकुरातल्या एंगाकूजी या झेन मंदिराच्या आवारात त्यांचं स्मारक उभारलं. पहिला वार आपला नसतो, हे त्यांचं तत्त्व त्या दगडावर कोरलंय. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस, स्मृतिदिनाच्या सुमाराला, शिष्यांचे शिष्य तिथे जमतात.